गंगेचा कालवा : बांधणाऱ्यांची आणि सांभाळणाऱ्यांची गोष्ट

नोकरीनिमित्त उत्तर भारतात आलेला मराठी माणूस एकदा तरी हरिद्वारला जातोच. गावाकडून आई-वडील आले, सासू-सासरे आले, की सुट्टीचा पहिला बेत हरिद्वारचा ठरतो. हर की पौडीवर स्नान, संध्याकाळची आरती, घरी न्यायला गंगाजल, आणि परतीची गाडी. पण हरिद्वारला गंगेचे बरेचसे पाणी माणसाने खणलेल्या कालव्यात शिरते आणि रुडकी, मुझफ्फरनगर, मेरठ या भागांतून शेकडो मैल शेते भिजवत जाते, याकडे आपले लक्ष सहसा जात नाही. रुडकीच्या आसपास गाडीच्या खिडकीतून जे रुंद, संथ पाणी दिसते त्याला पुष्कळजण नदीच समजतात. तो अपर गंगा कालवा.

मी रेल्वेत पूल व बांधकामाचे काम पाहणारा एक पदविकाधारक इंजिनीअर आहे, इतिहासाचा अभ्यासक नव्हे. तरीही या कालव्याची हकिगत आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत यावी असे वाटले, याची कारणे दोन. पहिले कारण, या कालव्याच्या कामाचा श्रीगणेशा खरोखरच गणेशपूजनाने झाला. दुसरे असे, की कुठे जुना पूल दिसला की आपल्यापैकी कोणीतरी हमखास म्हणतो, "इंग्रजांचे काम हो ते, म्हणून टिकले." हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकले आहे की त्यावर सविस्तर उत्तर द्यावेसे वाटते. हा कालवा वाहू लागल्याला १७० वर्षे उलटून गेली आहेत. तो कशामुळे टिकला, हे पाहू.

दुष्काळातून जन्म

१८३७-३८ मध्ये गंगा-यमुनेच्या दोआबात भयंकर दुष्काळ पडला. सुमारे आठ लाख माणसे दगावली असा अंदाज आहे. कंपनी सरकारचा महसूल बुडाला, तेव्हा कुठे कालव्याच्या योजनेला गती आली. ही योजना मांडणारा प्रोबी कॉटली हा मुळात तोफखान्यातला अधिकारी. १८१९ मध्ये कोवळ्या वयात बंगालच्या तोफखान्यात दाखल झालेला. पूर्व यमुना कालव्याच्या कामावर तो पाण्याचे शास्त्र शिकला. गंगेच्या कालव्यासाठी त्याने सहा महिने दोआबात पायी आणि घोड्यावरून फिरून स्वतः मोजमापे घेतली.

१८४२ मध्ये खोदकाम सुरू झाले. विटा हव्यात तर वीटभट्ट्या आधी उभारा, चुना हवा तर तोही आधी भाजा, अशी परिस्थिती होती. त्यातच गव्हर्नर जनरल एलनबरो यांना योजना नापसंत असल्यामुळे पैसा अडला. पुढे हार्डिंज आणि डलहौसी यांच्या कारकिर्दीत कामाने वेग घेतला.

हरिद्वारच्या पुरोहितांचा मात्र विरोध होता. गंगेला बांध घालून अडवायचे म्हणजे काय, हा त्यांचा सवाल होता. कॉटलीने त्यांच्याशी बोलणी केली. बांधात एक जागा मोकळी ठेवून धार अखंड वाहील असे कबूल केले, स्नानाच्या घाटांची दुरुस्ती करून दिली आणि बांधाचा शुभारंभ गणेशपूजनाने केला. त्यामागे भक्ती किती आणि व्यवहार किती, हे तोच जाणे. पण ज्यांच्या श्रद्धेला आपल्या कामाचा धक्का लागणार आहे त्यांना विश्वासात घ्यावे, एवढे त्याला कळत होते.

८ एप्रिल १८५४ रोजी कालवा सुरू झाला. मुख्य कालवा ३४८ मैल, शाखा ३०६ मैल आणि लहान पाट तीन हजार मैलांहून अधिक. १८५५ मध्ये शेतांना पाणी मिळू लागले आणि सुमारे पाच हजार गावे त्याच्या कक्षेत आली. कालवा केवळ शेतीसाठी नव्हता, त्यात नावाही चालाव्यात अशी योजना होती. त्यासाठी जिथे कालव्याचा तळ एकदम खाली उतरतो तिथे बाजूने नावांची वाट आणि जलपाश बांधले होते. पुढे आपली रेल्वे आली आणि नावांचा धंदा बसला. त्याबद्दल कालव्याची क्षमा मागायला हवी!

सोलानीचा जलसेतू आणि आपले इंजिन

हरिद्वार ते रुडकी हा वीस मैलांचा टप्पा सर्वांत अवघड. शिवालिक टेकड्यांतून उतरणारे पावसाळी ओढे इथे कालव्याला आडवे येतात. रानीपूर आणि पथरी येथे ओढा कालव्याच्या डोक्यावरून नेला आहे. धनौरीला ओढा आणि कालवा एकाच पातळीवर भेटतात आणि दरवाजांनी पाणी सांभाळावे लागते. रुडकीला तर अख्खा कालवाच सोलानी नदीवरून पुलावर घालून नेला आहे.

या जलसेतूला ५० फुटी १५ कमानी आहेत. लांबी ९२० फूट, आणि वरून पाण्याचे ८५ फूट रुंदीचे दोन पाट. पायासाठी नदीच्या तळाखाली २० फूट खोल बांधकामाचे ठोकळे उतरवले, प्रत्येक ठोकळ्यात चार विहिरी ठेवून. आतली वाळू उपसत जायची आणि ठोकळा स्वतःच्या वजनाने खाली बसवत न्यायचा. ही पद्धत विलायतेहून आलेली नव्हती. आपल्याकडचे विहिरी बांधणारे कारागीर पिढ्यान्‌पिढ्या असेच काम करत होते. आज नदीवरच्या रेल्वे पुलांना आपण जो 'वेल फाउंडेशन' म्हणतो, त्याची मुळे या देशी विद्येत आहेत. म्हणजे "इंग्रजांचे काम" या वाक्याला पहिला तडा इथेच जातो.

जलसेतूच्या दोन्ही अंगांना मातीचे प्रचंड भराव घालावे लागले. ती माती वाहायला रूळ टाकले आणि १८५१ मध्ये इंग्लंडहून आणलेले वाफेचे इंजिन जुंपले. बोरीबंदर ते ठाणे ही प्रवासी गाडी धावली १६ एप्रिल १८५३ रोजी. तिच्याही आधी रुडकीला वाफेचे इंजिन माती ओढत होते. रुडकी स्थानकात त्या इंजिनाची प्रतिकृती ठेवली आहे. रेल्वेतल्या मंडळींनी ती जरूर पाहावी.

कालव्याच्या कामाला माणसे हवीत म्हणून १८४७ मध्ये रुडकीला अभियांत्रिकीचे कॉलेज निघाले. पुढे ते थॉमसन कॉलेज, १९४९ मध्ये रुडकी विद्यापीठ आणि २००१ मध्ये आय.आय.टी. झाले. तिथून मोठे इंजिनीअर बाहेर पडले हे सर्वांना माहीत आहे. पण त्याच कॉलेजात ओव्हरसियर आणि सब-ओव्हरसियर यांचेही वर्ग चालत, हे फारसे कोणी सांगत नाही. रोज कालव्याच्या काठाने फिरून भेग कुठे पडली, पाझर कुठे लागला, हे बघणारी माणसे ती. मी स्वतःला त्यांच्या वंशातला समजतो.

चुका निघाल्या, त्या दुरुस्त झाल्या

आता मूळ मुद्दा. कालवा सुरू झाला आणि थोड्याच वर्षांत दोष दिसू लागले. तळाचा उतार जरा जास्त पडला होता. पाणी वेगाने धावू लागले आणि तळ खरवडून नेऊ लागले. जिथे तळ खाली उतरतो त्या जागेला इकडचे लोक 'झाल' म्हणतात. कॉटलीने झालींना नागमोडी, गुळगुळीत आकार दिला होता, पाणी अलगद घसरावे म्हणून. ते घसरले खरे, पण त्याचा जोर कायम राहिला आणि खालच्या बाजूला त्याने खड्डे पाडले. डिप्लोमाला असताना सिंचनाच्या पुस्तकात 'ओजी फॉल' एका परिच्छेदात शिकलो होतो. त्या परिच्छेदामागे हा इतिहास आहे.

दक्षिणेत गोदावरीवर मोठे काम केलेल्या सर आर्थर कॉटन यांनी या कालव्यावर जाहीर टीका केली. कॉटली तेव्हा निवृत्त होऊन इंग्लंडात होते. १८६०च्या दशकात दोघांमध्ये पुस्तिकांची लढाई झाली. पण वाद चालू असतानाच कालव्याची फेरतपासणी झाली आणि सुधारणा हाती घेतल्या गेल्या. नागमोडी झाली बदलून पाणी सरळ खाली पडेल अशा केल्या आणि खाली साचलेल्या पाण्याच्या गादीवर त्याचा जोर जिरवला. म्हणजे आज आपण जो कालवा 'जुना' म्हणून पाहतो, तो पुष्कळ ठिकाणी दुरुस्त केलेला कालवा आहे. पुढे १९५०च्या दशकात पथरी आणि मोहम्मदपूर येथे याच उताराचा उपयोग करून वीजघरे उभी राहिली. एके काळी जो जोर तळ उकरत होता, तोच दिवे लावू लागला.

हरिद्वारच्या बांधाचेही तसेच. आरंभी दरवर्षी नदीत तात्पुरते बंधारे घालावे लागत. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात भीमगोडा येथे पक्के बांधकाम सुरू झाले, तेव्हा गंगेची धार अडणार म्हणून पुन्हा आंदोलन उभे राहिले. पंडित मदनमोहन मालवीय यांनी पुढाकार घेतला आणि १९१६ मध्ये सरकारशी समझोता होऊन अखंड धारेचे वचन पुन्हा लेखी मिळाले. तो बांधही जुना झाला, तेव्हा १९७९ ते १९८३ या काळात सध्याचे भीमगोडा बॅरेज बांधले गेले. कॉटलीचा कालवा सेकंदाला ६,७५० घनफूट पाण्यासाठी होता, आता त्याची क्षमता १०,५०० घनफूट आहे. सोलानीवरही जुन्या जलसेतूच्या शेजारी नवा जलसेतू उभा राहिला.

जी टिकली नाहीत, ती दिसत नाहीत

"इंग्रजांचे काम टिकते" असे वाटण्याचे आणखी एक कारण आहे. जे पडले ते आज आपल्या डोळ्यांसमोर नाही. याच गंगेवर खाली नरोरा येथे १८७८ मध्ये लोअर गंगा कालव्यासाठी बंधारा झाला. वीस वर्षांनी, १८९८ मध्ये तो फुटला. वरून पूर आला म्हणून नव्हे. बंधाऱ्याखालच्या वाळूतून झिरपणाऱ्या पाण्याने खालून दाब देऊन फरशीच उचलली. त्या आधी १८९५ मध्ये चिनाब नदीवरच्या खांकी बंधाऱ्याला अशीच इजा झाली होती आणि रुडकीच्या कॉलेजात कर्नल क्लिबॉर्न यांनी वाळूतून पाणी कसे सरकते याचे प्रयोग केले होते. या अपघातांतून शिकत शिकत १९१० मध्ये ब्लाय यांचा सिद्धांत आला, आणि १९३६ मध्ये आपले डॉ. अयोध्यानाथ खोसला यांनी त्यातली उणीव दाखवून नवी पद्धत दिली. झिरपणाऱ्या जमिनीवर बंधारा बांधताना आजही खोसलांचे नाव घ्यावे लागते. पुढे ते रुडकी विद्यापीठाचे कुलगुरू झाले. नरोराला १९६०च्या दशकात नवे बॅरेज झाले.

कासगंजजवळ नदरई येथे लोअर गंगा कालवा काली नदी ओलांडतो. तिथला पहिला जलसेतू १८८५च्या पुरात वाहून गेला. नदीला वाट कमी ठेवली होती, आणि नदीने ती स्वतः करून घेतली. मग ६० फुटी १५ कमानींचा नवा जलसेतू १८८९ पर्यंत उभा राहिला. तो आजही आहे. बघणारा म्हणतो, "काय मजबूत काम!" ते मजबूत आहेच, पण ते आधीच्या पडलेल्या पुलाकडून शिकून केलेले काम आहे.

बंदीचे दिवस

या कालव्याच्या दीर्घायुष्याचे सर्वांत मोठे रहस्य मला विचाराल तर एकच सांगेन. तो दरवर्षी बंद ठेवतात. दसऱ्याच्या सुमारास हरिद्वारला दरवाजे खाली येतात आणि साधारण दिवाळीला पाणी पुन्हा सोडतात. त्या दिवसांत हर की पौडीजवळचे पात्र उघडे पडते आणि वर्षभर भाविकांनी टाकलेली नाणी शोधायला माणसे उतरतात. वर्तमानपत्रात त्याचेच फोटो येतात. पण त्याच वेळी कालव्याच्या तळात दुसरी माणसेही उतरलेली असतात. गाळ काढणे, दरवाजे तपासणे, फरशीचे दगड नीट बसवणे, पुलांच्या पायांपाशी खड्डा पडला आहे का ते पाहणे, ही कामे पाणी असताना होत नाहीत.

ही बंदी कोणालाच आवडत नाही. मुरादनगरहून या कालव्याचे पाणी दिल्लीच्या भागीरथी आणि सोनिया विहार जलशुद्धीकरण केंद्रांना जाते. बंदीच्या काळात पूर्व आणि दक्षिण दिल्लीत टँकर फिरू लागतात आणि लोक वैतागतात. दिल्ली-गाझियाबादच्या आपल्या मंडळींना ऐन दिवाळीच्या साफसफाईत नळ कोरडा पाहण्याचा अनुभव असेलच. रेल्वेतही असेच आहे. पुलाच्या कामासाठी 'ब्लॉक' मागितला की गाड्या उशिरा धावतात, प्रवासी बोल लावतात आणि कामाचे दोन तास दीड तासावर येतात. पण जी वास्तू कधीच थांबवायची नाही असे आपण ठरवतो, ती एक दिवस स्वतःच थांबते, आणि तेव्हा वेळ ती निवडते.

दुरुस्ती म्हणजे रंगरंगोटी नव्हे

जुन्या कमानी पुलाला काय होते, हे थोडक्यात सांगतो. या विटांच्या कमानी चुना आणि सुरखीत बांधलेल्या आहेत. चुना थोडा श्वास घेतो, किंचित हलतो. सांध्यांत पाणी राहिले की चुना विरघळून पांढरे ओघळ दिसू लागतात. पाणी निचऱ्याची छिद्रे बुजली की पोटात दाब वाढतो. चिरेत पिंपळाचे रोप उगवते, पिंपळ म्हणून ते कोणी उपटत नाही, आणि दहा वर्षांत त्याची मुळे भिंत फोडतात. घाईने वरून सिमेंटचा गिलावा मारला तर पुल नवा दिसतो, पण ओलावा आत कोंडतो आणि वीट भुसभुशीत होते. आणि सर्वांत मोठा शत्रू डोळ्यांना दिसतच नाही. तो म्हणजे पायाखालची वाहून जाणारी माती. शिवाय बैलगाड्यांसाठी बांधलेल्या पुलावरून आता उसाने खच्चून भरलेले ट्रक आणि ट्रॉल्या जातात, हे वेगळेच.

यावर उपाय आहेत. सांधे खरवडून योग्य मिश्रणाने भरणे, दाबाने ग्राउटिंग करणे, कमानीला आतून काँक्रीटचे अस्तर देणे, पायाभोवती दगडी फरसबंदी करणे. आणि तपासणीअंती पुल भार घेऊ शकत नाही असे दिसले तर वाहतूक बंद करून शेजारी नवा बांधणे. जुन्या वास्तूला सन्मानाने निवृत्त करणे हीसुद्धा देखभालच आहे. सोलानीला शेजारी नवा जलसेतू झाला, म्हणून जुन्याचा मान कमी झाला नाही.

या गोष्टी हरिद्वारच्या आहेत म्हणून दूरच्या समजू नका. २ ऑगस्ट २०१६च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा इंग्रजांच्या काळातला दगडी कमानींचा पूल पुरात वाहून गेला. अंधारात एस.टी.च्या दोन गाड्या आणि इतर वाहने थेट नदीत गेली. कोकणातल्या कितीतरी घरांतली माणसे परतलीच नाहीत. शेजारचा नवा पूल मात्र सहा महिन्यांच्या आत बांधून जून २०१७ मध्ये खुला झाला. इतक्या थोड्या दिवसांत जे होऊ शकते, ते आधी का होत नाही, हा प्रश्न त्या घरांनी विचारला तर आपल्यापैकी कोणाजवळ उत्तर आहे? ३० ऑक्टोबर २०२२ रोजी गुजरातमध्ये मोरबीचा झुलता पूल तुटून १३५ माणसे गेली. तो पूल तर 'दुरुस्ती' होऊन चारच दिवसांपूर्वी उघडला होता. वरची फळी नवी होती आणि भार घेणाऱ्या मुख्य दोराच्या कित्येक तारा गंजलेल्या होत्या, असे पुढे तपासात दिसले.

रेल्वेत प्रत्येक पुलाची पावसाळ्यानंतर तपासणी होते आणि ती पुलाच्या रजिस्टरमध्ये नोंदवावी लागते. खांबांवर पुराच्या आणि धोक्याच्या पातळीच्या खुणा रंगवलेल्या असतात. पावसाळ्याच्या रात्री गस्तवाला कंदील नाहीतर टॉर्च घेऊन रुळावरून चालत असतो. आपल्या देशात शंभरी ओलांडलेले हजारो रेल्वे पूल आजही गाड्या वाहतात, ते या रजिस्टरच्या आणि त्या गस्तवाल्याच्या जोरावर. उद्‌घाटनाच्या फलकावर त्यांची नावे कधी नसतात. रजिस्टरमध्ये खाली सही असते, आणि ती वाचायला सहसा कोणी जात नाही.

तेव्हा पुढच्या वेळी हरिद्वारला जाल तेव्हा परतीच्या वाटेवर रुडकीला जरा थांबा. कालव्याच्या काठावरचे दगडी सिंह पाहा, सोलानीच्या कमानी पाहा. मुलांना सांगा की हे कॉटलीने बांधले, पण विहिरी उतरवणाऱ्या कारागिरांनी, चुका दाखवणाऱ्या टीकाकारांनी, खोसलांसारख्या शास्त्रज्ञांनी आणि नाव नसलेल्या असंख्य ओव्हरसियर, बेलदार, मजुरांनी ते सांभाळले. आणि तुमच्या गावाकडच्या जुन्या पुलावर कधी 'वाहतूक बंद' अशी पाटी लागलेली दिसली, तर चार किलोमीटरच्या वळशासाठी खात्याला शिव्या देण्याआधी एकदा थांबा. कोणीतरी आपले काम नीट केल्याची ती खूण असू शकते.

गणपती ही विघ्नहर्ता देवता. पण दरवाजा वेळेवर तपासला नाही, तर ते विघ्न देवाने आणलेले नसते. बांधण्याइतकीच सांभाळण्याची बुद्धी त्या बुद्धिदात्याने आपल्या सर्वांना द्यावी, हीच श्रीचरणी प्रार्थना.

गणपती बाप्पा मोरया!